मायना आणि सही

अर्जाला दोन टोके असतात. वर मायना, म्हणजे तो कोणाला लिहिला ते, आणि खाली सही, म्हणजे तो कोणी लिहिला ते. मधला मजकूर कितीही मुद्देसूद असला तरी ही दोन टोके ढिली असतील तर अर्ज दप्तरात पडून राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मुलखात ज्या सार्वजनिक सभा निघाल्या, त्यांचा इतिहास आपण बहुधा या मधल्या मजकुरावरूनच लिहितो. भाषा किती नरम होती, मागण्या किती माफक होत्या, राजनिष्ठेची कबुली किती वेळा दिली होती, याची मोजदाद करायची आणि ‘अर्जविनंत्यांचे राजकारण’ असा शेरा मारून पुढच्या प्रकरणाकडे वळायचे, ही रीत पडली आहे. वऱ्हाड सार्वजनिक सभेला आणि तिच्या कक्षेत येणाऱ्या बुलढाणा जिल्ह्याला ही रीत लावली की हाती फारसे काही लागत नाही. कारण वऱ्हाडात अर्जाचा मायना कोणाच्या नावे लिहायचा हाच मूळ प्रश्न होता. सभेच्या पुढाऱ्यांनी तो ओळखला, आणि हे त्यांचे मोठे काम. सही कोणाची, हा दुसरा प्रश्न त्यांना तितका दिसला नाही, आणि त्यांचा खरा दोष तिथे आहे. त्यांचा मवाळपणा हा त्या मानाने किरकोळ मामला आहे.

मायन्याचा प्रश्न समजायचा तर वऱ्हाड कोणाचे होते हे आधी पाहावे लागते. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इंग्रजांच्या हुकमतीखाली होती, तिचा खर्च निजामाने द्यायचा होता, आणि तो थकला होता. त्या थकबाकीपोटी वऱ्हाडचा वसूल लावून दिला गेला. १८६० च्या दुसऱ्या तहाने निजामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि वऱ्हाड इंग्रजांकडे विश्वस्ताच्या नात्याने राहिले. सार्वभौमत्व निजामाचे, अंमल इंग्रजांचा. सरकारी कागदात या प्रदेशाचे नावही तसेच अर्धवट होते : हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स, म्हणजे हैदराबादचे सोपवून दिलेले जिल्हे. चिखली किंवा मेहकरच्या शेतकऱ्याने भरलेला शेतसारा अशा रीतीने आधी एका परक्या फौजेच्या पगाराला जाई, मग कारभाराच्या खर्चाला, आणि त्यातून काही उरलेच तर निजामाच्या खजिन्यात. हा शेतकरी कायद्याच्या भाषेत ब्रिटिश प्रजाजन नव्हता, आणि निजामाचा असूनही निजामाच्या कोणत्याही कचेरीत त्याला दाद मागता येत नव्हती.

कारभाराची उतरंड याहून विचित्र होती. जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर बुलढाण्याला, घाटमाथ्यावर, थंड हवेच्या एका लहानशा गावात. १९०१ च्या खानेसुमारीत या गावाची वस्ती अवघी ४,१३७ भरली. त्याच वर्षी घाटाखालच्या मलकापुरात १३,११२ माणसे होती. डेप्युटी कमिशनरच्या वर अमरावतीचा कमिशनर, त्याच्या वर हैदराबादचा रेसिडेंट, आणि रेसिडेंटच्या वर थेट व्हाइसरॉयचे परराष्ट्र खाते. मलकापूरच्या बाजारातील किंवा मेहकरच्या पाणवठ्यावरील तक्रार शेवटी ज्या खात्यात पोचायची, ते खाते संस्थानिकांचे आणि शेजारी राष्ट्रांचे व्यवहार पाहणारे होते. मुंबई इलाख्यातल्या खानदेशात, म्हणजे मलकापुरापासून गाडीने दोन-चार स्टेशने पलीकडे, कायदे करायला निदान एक कौन्सिल होते. त्यात एतद्देशीय सभासद बसत, प्रश्न विचारत, अडचणीत आणत. वऱ्हाडला असे कौन्सिल नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातील एखादा कायदा इथे लागू करायचा, त्यात फेरफार करायचा की नवाच करायचा, हे सारे कार्यकारी हुकमाने ठरे. वऱ्हाडचा ग्रामीण बोर्डांचा कायदा १८८५ चा, म्युनिसिपालिटीचा कायदा १८८६ चा. स्थानिक स्वराज्याचे हे दोन्ही कायदे ज्यांच्यासाठी केले त्यांच्यातील एकाही प्रतिनिधीसमोर मांडले न जाता अमलात आले. स्वराज्याची तालीम हुकमाने सुरू व्हावी, यातला विनोद त्या काळच्या वकिलांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

१८८६ च्या सुमारास अमरावतीत वऱ्हाड सार्वजनिक सभा उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. रंगनाथ नरसिंह मुधोळकर तिचे चिटणीस होते आणि १८९८ पर्यंत त्यांनी हे काम सांभाळले. गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे आणि मोरोपंत जोशी ही याच अमरावतीच्या वर्तुळातील दुसरी दोन मोठी नावे. तिघेही वकील. समोर नमुना होता पुण्याच्या सार्वजनिक सभेचा. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी २ एप्रिल १८७० रोजी ती स्थापली. न्यायमूर्ती रानड्यांनी तिला आकडेवारीची आणि युक्तिवादाची शिस्त लावली. १८७८ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. १८७६-७७ च्या दुष्काळात तिने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली आणि सरकारी आकड्यांच्या शेजारी लोकांचे आकडे मांडण्याची एक नवी पद्धत पाडली. पण त्या सभेच्या घटनेत याहून महत्त्वाची एक गोष्ट होती, आणि पुढच्या विवेचनासाठी ती इथेच नोंदवून ठेवायला हवी. पुण्याच्या सभेचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीच्या पंचाण्णव सभासदांनी मिळून सुमारे सहा हजार माणसांची मुखत्यारपत्रे आणली होती. सहा हजार हा आकडा मोठा नाही. तरी ‘आम्ही कोणाच्या वतीने बोलतो’ या प्रश्नाला कागदावर उत्तर असले पाहिजे, ही जाणीव त्यात होती.

वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी पुण्याचा मजकूर घेतला आणि त्याला स्वतःचा एक मुद्दा जोडला. पुण्याची सभा म्हणे, कायदे करताना आमचे ऐका. वऱ्हाडची मागणी त्याच्याही आधीची होती : आमच्यासाठी कायदे करणारी जागा कुठे आहे ते दाखवा. मुधोळकर १८९० साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी, अर्डली नॉर्टन आणि ह्यूम यांच्याबरोबर काँग्रेसच्या शिष्टमंडळातून विलायतेला गेले. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे तेरावे अधिवेशन खुद्द अमरावतीत भरले; सी. शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष खापर्डे. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. त्या दशकाच्या अखेरीस काँग्रेसच्या ठरावांत वऱ्हाडविषयीचा ठराव येऊ लागला, आणि त्याचा आशय नीट पाहण्यासारखा आहे. वऱ्हाडचा कारभार जोवर गव्हर्नर जनरल चालवतात तोवर त्या प्रांतासाठीचे सारे कायदे, आणि कायद्याचे बळ असलेले हुकूमसुद्धा, ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यांप्रमाणेच मध्यवर्ती कायदे कौन्सिलातून मंजूर झाले पाहिजेत. या ठरावात पैसा मागितला नव्हता, नोकऱ्या मागितल्या नव्हत्या, सूट मागितली नव्हती. हुकूम आणि कायदा यांत फरक असतो, एवढेच मान्य करून मागितले होते.

यावर नेहमीचा आक्षेप येतो. अशा ठरावांनी काय झाले? सरकारने ते वाचले आणि बाजूला ठेवले. हे खरे आहे. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात की अर्ज हा इतर प्रांतांत कायदेमंडळाला पूरक असे, वऱ्हाडात तो कायदेमंडळाच्या ऐवजी होता. मुंबईत एखाद्या विधेयकावर सभासदाला उभे राहून बोलता येई आणि ते भाषण सरकारी गॅझेटात छापले जाई. अमरावतीच्या वकिलाला तेच काम करायचे तर सभा भरवायची, ठराव करायचा, त्याची प्रत रेसिडेंटकडे धाडायची आणि उत्तराची वाट पाहायची, एवढीच साधने होती. विधेयकाचा मसुदा आधी प्रसिद्ध होत नसेल तर विरोधही हुकूम निघाल्यावरच करता येणार. ज्या प्रदेशात दुसरी कोणतीच सनदशीर वाट नाही तिथे अर्ज करणाऱ्याला भित्रा म्हणणे म्हणजे नदीवर पूल नाही म्हणून नावेने जाणाऱ्याला आळशी म्हणण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कायदेमंडळ असते तरी रयतेच्या ताटात काय पडले असते? याला १८९९-१९०० चा दुष्काळ ही कसोटी. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ साली २८,९७,४९१ होती, १९०१ साली ती २७,५४,०१६ वर आली, म्हणजे सुमारे पाच टक्क्यांची घट. त्याच दशकात बुलढाणा जिल्ह्याची वस्ती बारा टक्क्यांनी घटून ४,२३,६१६ झाली. सबंध प्रांताच्या घटीच्या दुपटीहून अधिक. जिल्ह्यात तेव्हा चिखली, मलकापूर आणि मेहकर हे तीनच तालुके होते, आणि त्यांतले दोन घाटावरचे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि उशाशी रेल्वे. घाटावर हलकी, उंचसखल जमीन आणि स्टेशन गाठायला घाट उतरून जावे लागणारी बैलगाडी. पाऊस हुकला की धान्य, चारा, मजुरी या तिन्ही गोष्टी घाटावर आधी संपत. आता हा आक्षेप घेणारा म्हणेल, मुंबई इलाख्यात कौन्सिल होते, तिथे माणसे कमी मेली का? कौन्सिलाने पाऊस पडत नाही. मान्य. खानदेशातही हाल झाले, गुजरातेत तर फारच. पण पुढे काय झाले ते पाहावे. दुष्काळानंतर १९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली, जमिनीवरचा रयतेचा हक्क आखडणारी. फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी या विधेयकाच्या निषेधार्थ कौन्सिलातून उठून गेले. विधेयक मंजूर झालेच. पण तो सभात्याग साऱ्या देशाने वाचला, आणि शेतसाऱ्याचा प्रश्न सरकारी टिपणांतून बाहेर पडून वादाचा विषय झाला. वऱ्हाडातील पुढाऱ्यांना उठून जायलासुद्धा सभागृह नव्हते. बारा टक्के माणसे कमी झालेल्या जिल्ह्याबद्दल सरकारला तोंडावर प्रश्न विचारण्याची जागा जगात कुठेही नव्हती. हैदराबादेत नव्हती, कलकत्त्यात नव्हती, विलायतेतही कोणी वऱ्हाडचा म्हणून बसलेला नव्हता. उपासमार कौन्सिलाने टळली नसती. तिची जबाबदारी मात्र कोणाला तरी घ्यावी लागली असती.

मायन्याचा प्रश्न किती खरा होता याचा पुरावा इंग्रज सरकारनेच लवकर दिला. १९०२ साली लॉर्ड कर्झन हैदराबादला गेले, निजाम महबूब अली खान यांच्याशी बोलले, आणि ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाले. मोबदला सालीना पंचवीस लाख रुपये. शेत खंडाने देताना कुळाला निदान बांध दाखवतात. इथे सत्तावीस लाख माणसांना कोणी विचारले नाही. पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर १९०३ पासून, वऱ्हाड मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली गेले आणि अर्जाचा मायना हैदराबादहून नागपूरला सरकला. नागपूरला तरी कौन्सिल कुठे होते? १९०५ साली जिल्ह्यांची फेरआखणी झाली. खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले. जिल्ह्यात ८५३ चौरस मैलांची भर पडली आणि १९०१ च्या गणनेप्रमाणे नव्या हद्दीतील वस्ती ६,१३,७५६ भरली. आज आपण ज्याला बुलढाणा जिल्हा म्हणतो त्याच्या घाटाखालच्या श्रीमंत बाजूचा मोठा भाग असा एका सरकारी आदेशाने आला. कापसाचे खामगाव घाटमाथ्यावरच्या बुलढाण्याच्या कचेरीला बांधले गेले, तेही कोणी न मागता आणि कोणाला न विचारता.

इथवर सभेच्या बाजूने बोललो. आता सहीकडे वळायला हवे, आणि त्यासाठी खामगावइतकी चांगली जागा नाही. खामगावचा कापूस बाजार जुना, १८२० च्या सुमाराचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी येऊन जलंब-खामगाव ही छोटी रेल्वे शाखा सुरू केली. देशाचा सर्वोच्च अधिकारी आठेक मैलांच्या लोहमार्गासाठी येतो, यावरून रुईच्या गाठीचे वजन समजते. शेतकरी गाडी भरून बाजारात येई आणि तिथे त्याला गाठत अडत्या, दलाल, मापाडी, हमाल. कडता, तोलाई, धर्मादाय अशा नावांखाली वजनातून आणि पैशातून काही ना काही कापले जाई. या गोंधळाला आळा घालण्याचा देशातला पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला. १८८६ साली कारंजाचा बाजार रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमनाखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. हिंदुस्थानातील बाजार समित्यांचा इतिहास इथून मोजतात, आणि वऱ्हाडाला त्याचा अभिमान वाटावा यात गैर काही नाही. पण त्या कायद्याने नेमलेल्या समितीत कोण होते? व्यापारी होते, म्युनिसिपालिटीचे सभासद होते. कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. तीस वर्षांनी, १९२८ साली, शेतीविषयक रॉयल कमिशनने देशभरच्या बाजारांची पाहणी करताना वऱ्हाडच्या कायद्यातील या उणिवेवर बोट ठेवले.

कायदे कुठे व्हावेत याबद्दल वऱ्हाडचे पुढारी जागरूक होते, आणि १८९७ चा कायदा म्हणजे तर त्यांच्याच दारातला विषय. त्याच वर्षी काँग्रेस त्यांच्या गावी भरली. तरीही त्या पिढीच्या राजकारणात ‘कायदा हुकमाने नको’ ही मागणी जेवढी ठळक आहे, तेवढी ‘बाजार समितीत शेतकरी हवा’ ही नाही. याचे कारण त्यांच्या मनाचा खोटेपणा नव्हे. मुधोळकरांनी वऱ्हाडात उद्योग उभे करण्याची खटपट केली, आणि खापर्ड्यांनी सरकारी नोकरी सोडून वकिली व राजकारण पत्करले. कारण त्यांच्या जागेत आहे. सभेचे घर अमरावतीत होते. तिचे पुढारी कोर्टात भेटत, आणि कोर्टात शेतकरी येतो तो पक्षकार म्हणून, सभासद म्हणून नव्हे. पक्षकाराच्या वतीने वकील बोलतो. पक्षकाराने बोलायचे नसते, तसा तो बोलला तर दावा बिघडतो. ही कोर्टातली सवय सभेतही आली. घाटावरच्या बुलढाण्याच्या बाबतीत तर हे दुहेरी खरे होते : जिल्ह्याच्या वतीने अमरावती बोले, आणि अमरावतीत शेतकऱ्याच्या वतीने वकील.

हे आजच्या मापाने कालच्या माणसांना मोजणे झाले, असे कोणी म्हणेल. १८८६ साली प्रौढ मतदानाची कल्पना तरी कोणाला होती? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण मान्य करत नाही. कारण हे माप त्यांच्याच काळात, त्यांच्याच भाषेत उपलब्ध होते. पुण्याच्या सभेने १८७० सालीच मुखत्यारपत्राची अट घातली होती, हे वर सांगितले. आणि त्याही सभेला जोतीराव फुल्यांनी विचारले होते की ‘सार्वजनिक’ या नावात शूद्र शेतकरी, माळी, कुणबी, अस्पृश्य कुठे आहेत. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ चा, म्हणजे वऱ्हाड सार्वजनिक सभेच्या आधीचा. शेतकऱ्याचा कैवार घेणाऱ्या सभेत शेतकरी किती, हा प्रश्न नंतरच्या इतिहासकारांनी मागे जाऊन विचारलेला नाही. तो सभेच्या जन्माआधीच मराठीत मांडून झाला होता. त्याला उत्तर न देणे ही त्या काळाची मर्यादा म्हणून सोडून देता येत नाही. ती निवड होती.

सहीचा प्रश्न पुरता सुटला नसताना मायन्याचा प्रश्न हळूहळू सुटू लागला, आणि तोही वऱ्हाडी चालीने, म्हणजे वळसा घेऊन. १९०७ च्या सुरतेच्या फाटाफुटीत मुधोळकर आणि मोरोपंत जोशी नेमस्तांकडे राहिले, खापर्डे टिळकांकडे. एका गावचे, एका बारमधले लोक दोन तंबूंत गेले आणि जुन्या सभेचे एकमुखी बोलणे संपले. मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर मुधोळकर मध्यवर्ती कायदे कौन्सिलात बसले. १९१२ साली बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्षही झाले. नागपूरचे कौन्सिल १९१४ साली सुरू झाले. पण वऱ्हाड अजूनही कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थान नव्हते, पट्ट्याने घेतलेले निजामाचे राज्य होते. तेव्हा तिथे निवडणूक घेऊन कोणाला कौन्सिलात कसे पाठवणार? सरकारी वकिलांनी तोड काढली. वऱ्हाडात मतदान घ्यायचे, जो निवडून येईल त्याची सरकारने नेमणूक करायची. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरही हीच तऱ्हा चालू राहिली; कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये खापर्डे वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसले तेही या आडवाटेने. मतदाराने निवडायचे आणि नाव मात्र सरकारनियुक्त म्हणून लागायचे. मंगलाष्टके होऊन वधूवरांना पुन्हा सोबतीची परवानगी काढायला लावावी, तसा हा प्रकार. वऱ्हाडच्या आधीच्या पिढीने ‘हुकूम वेगळा आणि कायदा वेगळा’ म्हणून जे सांगितले, ते किती नेमके होते हे त्यावरून कळते. दोहोंमधली रेघ सरकारला शेवटपर्यंत पुसता आली नाही आणि धड आखताही आली नाही. काँग्रेसने मात्र १९२० च्या नागपूर अधिवेशनात भाषावार प्रांत पाडताना वऱ्हाड हा स्वतंत्र प्रांत धरला.

मतपेटी आली, मर्यादित का होईना, आणि तिच्याबरोबर दुसरी माणसे आली. वऱ्हाडात सत्यशोधक चळवळ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात खेडोपाडी पसरली. तिचा भर गावातल्या लग्नावर, पुरोहितावर, सावकारावर होता आणि सरकारदरबारच्या ठरावांवर कमी, म्हणून राजकारणाच्या इतिहासात तिला बाजूचे पान मिळते. माझ्या मते हे उलटे आहे. सभेच्या पुढाऱ्यांनी सरकारकडे पाहून ‘आम्ही रयत’ असे म्हटले होते; सत्यशोधकांनी रयतेकडे पाहून विचारले, तुम्ही कोण? त्या प्रश्नाशिवाय सही होत नाही. पंजाबराव देशमुख १९२८ साली अमरावती डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष झाले, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा आणि प्राथमिक शिक्षण वाढवण्याचा आग्रह त्यांनी त्या खुर्चीतून धरला, आणि १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. त्याच राजवटीत १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा झाला. अर्धशतक अर्जांत आणि भाषणांत असलेले शेतकऱ्याचे कर्ज त्या वर्षी कायद्याच्या कलमांत उतरले. त्याने सावकारी संपली नाही. पण एखाद्या प्रश्नाचे कायद्यात रूपांतर व्हायला मायना आणि सही दोन्ही लागतात, हे त्यात दिसते. कौन्सिल नसते तर पंजाबरावांना उभे राहायला जागा नसती. आणि खेड्यातली मते नसती तर कौन्सिलाने आणखी पन्नास वर्षे फक्त हुकूम आणि कायदा यांच्यावर वाद घातला असता.

यावर उलट बाजूने एक प्रश्न निघतो. मग सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी सभेच्या मंडळींचे ऋण मानायला नको का? कौन्सिलाची वाट त्यांनीच दाखवली ना? वाट दाखवली, हे नि:संशय. १८९० च्या दशकातील वऱ्हाडविषयक ठराव नसते तर १९१४ चे नागपूर कौन्सिल आणि त्यातले वऱ्हाडचे नियुक्त-निर्वाचित सभासद कदाचित आणखी लांबले असते. पण वाट दाखवणे आणि वाटेवर चालणाऱ्याला जागा देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि अमरावतीच्या सभेने दुसरी केली असती तर घाटावरच्या चिखलीतून जे काम १९२७ साली झाले ते कदाचित चाळीस वर्षे आधी कोणी तरी तिच्याच छत्राखाली केले असते. पंढरीनाथ सीताराम पाटील हे बुलढाणा जिल्ह्यातील सत्यशोधक कार्यकर्ते. त्या वर्षी त्यांनी जोतीराव फुल्यांचे पहिले मराठी चरित्र चिखलीहून प्रसिद्ध केले.